गारवंतीच्या दोन वेण्या

एक होता राजा. नाव सूर्य. डोकं कायम तापलेलं. ए मुकुंदा, चादर ओढू नको, नाहीतर गोष्ट बंद!

तर त्याच्या राज्याच्या पार टोकाला, कडाक्याच्या थंडीत, बर्फाच्या गोळ्यांची वस्ती होती. तिथं राहायची गारवंती. अंगभर धूळ, आंघोळीचा पत्ता नाही. आपल्या मुकुंदासारखीच, बरं का. पण डोक्यावर एक केस नाही! तिला हव्या होत्या दोन लांब वेण्या.

आई म्हणाली, "राजाजवळ गेलीस की मिळतील. पण तिथं रेंगाळू नको, कार्टे. वितळून संपशील!"

मग गारवंती निघाली. राजा जवळ आला तशी तिच्या अंगातून वाफ निघाली, धूळ उडाली. राजाचा एक वारा होता, सदा राजापासून बाहेर सुसाट पळणारा. त्यानं वाफेची घातली सरळसोट निळी वेणी. मग राजाच्या उजेडानं धूळ ढकलली, तिची झाली पिवळी वेणी, जराशी वाकडी. काय ऐट!

मग राजाला वळसा घालून ती घराकडं वळली. आणि हे काय? वेण्या तोंडापुढं! वेण्या कशा पाठीवर पाहिजेत ना? तिनं मान झटकली. वेण्या पुढंच. परत झटकली. पुढंच. तिसऱ्यांदा तर स्वतःभोवती गरागरा फिरली. वेण्या पुढं त्या पुढंच! आणि इकडं बाई वितळून निम्मी.

"ए वाऱ्या, मागं टाक की त्यांना!"

"अगं खुळे, मी राजापासून लांबच पळतो. उलटा नाही पळत. तू आधी घर गाठ!"

"पण सगळे हसतील मला!"

"हसू देत की! वितळलीस तर हसणार कुणाला?"

मग गारवंतीनं वेण्या घेतल्या पुढं अन् ठोकली धूम. जशी थंडी वाढली तशा वेण्या विरत गेल्या. घरी पोचली ती टकलीच.

आईनं तिला घट्ट धरलं. "वेण्या कुठायत गं?"

"विरल्या."

"जाऊ दे. तू आलीस ना!"

तिला वेण्या आल्या होत्या, हे मैत्रिणींना काही पटेना. मग पुढच्या खेपेला गारवंतीनं त्यांनाही नेलं. येताना सगळ्यांच्या वेण्या पुढं, पोरी मागं! हसून हसून पोटं दुखली, पण कुणी म्हणजे कुणी रेंगाळलं नाही. सगळ्या सुखरूप घरी आल्या, मजेत राहिल्या.

चला, मिटा डोळे. आणि सकाळी तोंडावर कोळशाच्या मिशा दिसल्या, तर त्या कुणी काढल्या ते मला विचारायचं नाही, बरं का.