कुंभारणीने फी वाजवून घेतली

फार पूर्वी एका नगराच्या वेशीबाहेर एक कुंभारीण राहत होती. बोलायला तिखट, पण व्यवहाराला चोख. तिच्या घरामागे मातीची खाण होती. शेजारच्या वीटभट्टीवाल्याने एके दिवशी त्या खाणीवर आपला हक्क सांगितला. खाण गेली तर चाक थांबणार, म्हणून ती नगरातल्या वकिलाकडे धावली.

वकिलाच्या ओसरीवर ग्रंथांची एवढी चवड होती, की मागे वकील बसलाय हे तो खोकला तेव्हा कळलं. एवढ्या विद्वान माणसाला पैशांचं काय विचारायचं, असं वाटून ती लाजली. दोन पैशांच्या पणतीसाठी अर्धा तास घासाघीस करणारी ही बाई खाणीची सनद मुकाट्याने त्याच्या हाती देऊन घरी आली.

सुनावणीला वकील उशिरा आला, आणि आला तोही दुसऱ्याच खटल्याचे कागद घेऊन. मातीच्या खाणीऐवजी तो कुणाच्या तरी हरवलेल्या म्हशीबद्दल तासभर बोलला. इतकं छान बोलला, की न्यायाधीशांचे डोळे पाणावले. पण या खटल्यात म्हैस कुठून आली, हे कुणालाच सांगता येईना. शेवटी न्यायाधीशांनी पौर्णिमेची तारीख दिली.

दुसऱ्याच दिवशी वकिलाचा निरोप आला, की फी चाळीस रुपये झाली. कुंभारीण तडक गेली आणि मला दुसरा वकील बघायचाय, सनद परत द्या, म्हणाली. वकील म्हणाला, “आधी फी, मग सनद.” सनदेवाचून दुसरा वकील तरी काय करणार? पौर्णिमेला आठच दिवस उरले होते.

मग रागावलेलं माणूस करतं तेच तिने केलं. पाणवठ्यावर, बाजारात, जिथे दोन माणसं दिसतील तिथे वकिलाच्या नावाने खडे फोडले. लोकांनी चवीने ऐकलं, पण सनद काही जागची हलली नाही. उलट वकिलाने कळवलं, की बदनामीचे आणखी पाच रुपये लागतील.

तेव्हा कुठे ती नगराच्या म्हाताऱ्या पंचांकडे गेली. पंचांनी वकिलालाही बोलावून घेतलं.

कुंभारीण म्हणाली, “पंच, माझ्याकडचं मडकं गिऱ्हाईक वाजवून घेतं. खणखणीत वाजलं तर मी पैसे घेते, चिरकं निघालं तर बाजूला ठेवते. वकीलसाहेबांनीही फी अशीच एकेक मांडावी. जे काम वाजेल, त्याचे पैसे आत्ताच देते.”

पंचांना हे पटलं. वकिलाने कुरकुरत यादी लिहून दिली आणि पंच वाचू लागले.

अर्ज लिहिला, चार रुपये. अर्ज पाहिला तर नेटका होता, वेळेत दिलेला होता. कुंभारणीने चार रुपये पुढे ठेवले. शेजाऱ्याला नोटीस, दोन रुपये. तेही ठेवले. ती कटकट करील म्हणून कंबर कसून आलेला वकील जरा गोंधळलाच.

खटल्याचा विचार केला, नऊ रुपये. हा विचार कधी केला, असं पंचांनी विचारलं. जेवणानंतर, डोळे मिटून, असं वकिलाने सांगितलं. पंचांनी त्या ओळीवर काट मारली.

कचेरीतलं भाषण, पंचवीस रुपये.

“भाषण कशाबद्दल होतं?” पंचांनी विचारलं.

वकिलाने पागोटं सारखं केलं. मग हळूच म्हणाला, “म्हशीबद्दल.”

“मग ते पैसे म्हशीच्या मालकाकडून घ्या,” कुंभारीण म्हणाली. “भाषण चांगलं होतं. मलासुद्धा रडू आलं.”

पंचांना हसू आवरेना. वकिलाने ती ओळ स्वतःच खोडली.

राहिले बदनामीचे पाच रुपये. त्यावर मात्र कुंभारणीची मान खाली गेली. गावभर बोलत फिरले ते चुकलं, असं तिने कबूल केलं आणि अर्ज चांगला लिहिला होता, हेही उद्या बाजारात सांगते म्हणाली. वकिलाने पाच रुपये सोडून दिले आणि सनद तिच्या हातात ठेवली.

पौर्णिमेला दुसऱ्या वकिलाने ती सनद दाखवली आणि खाण कुंभारणीचीच राहिली. त्याची फी तिने पहिल्याच भेटीत कागदावर लिहून घेतली होती.

तात्पर्य काय, तर विद्वानालाही फी आधी विचारावी. वाद झालाच, तर गावभर बोंबलण्यापेक्षा एकेक काम तपासून घ्यावं, आणि जे नीट झालं असेल त्याचे पैसे हसतमुखाने द्यावेत.