धाकोजीचा उसासा

चौकातला हा दगडी मनोरा बघताय ना, त्याला आम्ही उसासा म्हणतो. डोंगरातल्या तळ्यापासून हिवरपेठेतल्या हौदापर्यंत जमिनीखालून खापरी नळ आलेत. नळातली हवा सुटावी, गाळ बसावा म्हणून वाटेत असे मनोरे बांधलेत. बाकीच्यांना वर नुसतं भोक आहे. यालाच तेवढं दार, आणि कडी बाहेरून. माझं घर समोरच; कुणी इथे थांबलं की मी सांगितल्याशिवाय सोडत नाही.

हे काम धाकोजीचं. त्याची जात कुठली यावर अजून वाद चालतो. शिवून घ्यायचं नाही अशी, एवढं नक्की. पुष्कळ गावांना त्याने पाणी दिलं म्हणे, आणि प्रत्येक गावात ते त्याला वरून ओंजळीत ओतूनच मिळालं. इथे रंगो महाजनांनी आधीच बजावलं होतं: नळ कोरडे आहेत तोवर तुझा हात चालेल; पाणी आलं की लागता कामा नये.

अक्षय्यतृतीयेला पूजा मांडली. बायका घागरी घेऊन ताटकळल्या, पण पाणी येईना. या उसाशात गाळ तुंबला होता. धाकोजी आत उतरला. गाळ सुटला आणि पाणी एकदम चढलं. तिकडे हौदावर आरोळी उठली. इकडे तो गळाभर पाण्यात. महाजनांनी पुढे होऊन दाराला कडी घातली.

"अहो, माणूस आहे आत!" कुणीतरी म्हणालं.

"तो पाण्यातून बाहेर येताना दिसला म्हणजे सगळं पाणी बाटलं. मग जा पुन्हा नदीवर."

नदी लांब होती.

धाकोजीची बायको येसू धावत आली. तिला सांगितलं, "तो केव्हाच वर आला. पुढच्या गावी कामाला गेला."

"चपला इथे टाकून?" तिने विचारलं, असं सांगतात.

आतून दार ठोकल्याचा आवाज येत होता. महाजनांनी ढोल वाजवायला लावले.

काही दिवसांनी हौदाच्या गोमुखातून धाकोजीचं मुंडासं बाहेर आलं. तोवर गाव तेच पाणी पीत होतं, देवालाही घालत होतं. मग प्रेत काढलं आणि शुद्धी केली. खुनाची नाही हो, पाण्याची.

पावसाळ्यानंतर नळ पुन्हा तुंबले. ते मोकळे करायची रीत आता एकट्या येसूला ठाऊक. महाजन तिच्या दारी गेले.

"ये गं बाई. मागशील ते देतो."

"काही नको. तुम्ही उसाशात उतरा. कडी मी घालीन."

गाव घागरी घेऊन उभंच होतं. महाजनांना आत ढकलायलाही कुणी मागेपुढे पाहिलं नाही. येसूने नळ मोकळा केला, पाणी आलं, आणि ती कडीला हात लावून उभी राहिली. म्हणाली, "शेवटची घागर भरू दे." महाजन जिवंत निघाले म्हणे, पण पुढे तांब्यातलं पाणी पाहूनही किंचाळत.

आजही अक्षय्यतृतीयेला महाजनांच्या घरातला कर्ता पुरुष आत उतरतो, बाहेरून कडी लागते, आणि शेवटची बाई पाणी भरून निघाली की मगच उघडते. पाणी आता छातीपर्यंतच येतं, भिण्यासारखं काही नाही. मागल्या साली आमच्या शेजारची शेवंता शेवटची होती. भरलेली घागर तिने ओतून दिली आणि पुन्हा घासायला बसली. आतून ठोकणं चाललेलं.

मी म्हटलं, "अगं, आटप की!"

"घाई कसली, मावशी? तळाला डाग राहिलाय."

आम्ही सगळ्या हसलो.