सटवा पाथरवटाचा पाचवा सिंह

कृष्णेकाठच्या एका गावात एक पाथरवट होता. नाव सटवा. हात हुशार आणि डोकं भोळं, असा माणूस. छिन्नी हातात घेतली की काळा कातळसुद्धा त्याचं मुकाट ऐकायचा. पण त्याची एक खोड होती. त्याला जे सांगाल ते तो सांगितलं तसंच करायचा, आणि एका कामात शिकलेला धडा लगेच पुढच्या कामाला लावायचा. शिकलेलं वाया घालवू नये, असं त्याचं म्हणणं. आता यात चूक काय, तुम्हीच सांगा.

सटवा लखमाजी मिस्त्रीच्या हाताखाली होता. लखमाजीची मुलगी हौसा. हौसाला सटवा आवडायचा. ती म्हणायची, "तो कधी खोटं बोलत नाही."

लखमाजी म्हणायचा, "त्याला जमत नाही म्हणून."

तरी लग्न ठरलं. ठरलं म्हणजे लखमाजीनं अट घालून ठरवलं. त्या वर्षी सिंहस्थ लागायचा होता. दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत जातो, त्याला सिंहस्थ म्हणतात. तो लागला की तेरा महिने आमच्याकडं कुणी लग्न करत नाही. केलं तर गुरूचं काय बिघडतं ते ठाऊक नाही, पण करत नाही.

लखमाजी म्हणाला, "सटवा, चार गावांहून चार कामं आलीत. चारही सिंहांची. सिंहस्थ लागायच्या आत एक तरी सिंह असा बसव, की कुणी नावं ठेवणार नाही. जमलं तर हौसा तुझी. नाही जमलं तर सिंहस्थ संपला की ती मुकादमाच्या घरी जाईल. त्यांचं माणूस दोनदा येऊन गेलंय."

सटवानं विचारलं, "सिंह कसा असतो?"

हा प्रश्न बरोबर होता. गावात सिंह कुणीच पाहिला नव्हता. वाघ दोघांनी पाहिला होता, आणि त्यातला एक थापा मारत होता. लखमाजीनंही पाहिला नव्हता, पण मिस्त्री माणूस, ठाऊक नाही असं कसं म्हणणार? तो म्हणाला, "सिंह म्हणजे जंगलाचा राजा. बघितल्याबरोबर माणूस पळालं पाहिजे."

"असं होय," सटवा म्हणाला. "बरं."

पहिलं काम डोंगरावरच्या देवीचं. देवीसमोर सिंह हवा होता. सटवानं महिनाभर खपून सिंह घडवला. मागच्या दोन पायांवर उभा, पंजे उगारलेले, जबडा वासलेला, आणि तोंड दाराकडं. मंगळवारी बायका ओट्या घेऊन आल्या. सिंह बघितल्याबरोबर पळाल्या. ताटं तिथंच, खण-नारळ तिथंच. एक म्हातारी तर पायऱ्या न मोजता उतरली. एरवी ती प्रत्येक पायरीवर टेकायची.

सटवाला समाधान वाटलं. सांगितलं होतं तसंच झालं होतं.

देवळाचा रावबा गुरव मात्र तापला. "अरे सटवा, हे काय करून ठेवलंस? हा देवीचा सिंह. देवीचं वाहन ते. त्यानं देवीकडं तोंड करून बसायचं. पाय दुमडलेले, मान खाली, पाठ मोकळी. देवीला बसायचं असतं त्याच्यावर."

"असं होय," सटवा म्हणाला. "हे आधी सांगायचं." आणि विसरू नये म्हणून त्यानं उपरण्याला एक गाठ मारली.

दुसरं काम इनामदारांच्या गावचं. गावाला नवी वेस बांधली होती, वेशीपाशी सिंह पाहिजे होता. सटवानं गाठ चाचपली. पाय दुमडलेला, मान खाली घातलेला, गरीब चेहऱ्याचा सिंह घडवला. पाठ चांगली घासून गुळगुळीत केली. देऊळ नव्हतं, तेव्हा तोंड गावाकडं केलं आणि शेपूट रस्त्याकडं.

लोकांना सिंह फार आवडला. बाजारच्या दिवशी लोक त्याच्यावर बसून विड्या ओढू लागले. एक गवळण रोज त्याच्या पाठीवर घागर टेकवून खांदा बदलायची. इनामदार घोड्यावरून आले तेव्हा सिंहावर एक न्हावी बसला होता आणि समोर एकाची दाढी चालू होती.

इनामदार म्हणाले, "सटवा, आमच्या सात पिढ्या तलवारीवर गेल्या. आणि तू शत्रूला शेपूट दाखवतोस? वेशीवरचा सिंह म्हणजे पराक्रम. त्याच्या चार पंजांखाली चार हत्ती पाहिजेत. पाचवा शेपटीत गुंडाळलेला. येणाऱ्याला धाक बसला पाहिजे."

इनामदारांनी स्वतः तलवार एकदाच उपसली होती, तीही दसऱ्याला, आणि ती म्यानात परत जाईना म्हणून लोहार बोलवावा लागला होता. पण हे सटवाला कोण सांगणार?

"असं होय," सटवा म्हणाला. "हे आधी सांगायचं." दुसरी गाठ.

घरी हौसानं विचारलं, "बसला का सिंह?"

"बसलाय," सटवा म्हणाला. "पण त्यांना तो उभा पाहिजे होता."

हौसा हसली, पण मग बोटांवर महिने मोजू लागली. सिंहस्थाला पाच महिने उरले होते.

तिसरं काम जैनांच्या बस्तीचं, म्हणजे त्यांच्या देवळाचं. महावीरांची मूर्ती बाहेरून आणून ठेवली होती. तिच्या खालचं पीठ घडवायचं आणि त्यावर सिंह कोरायचा, एवढंच काम. सटवानं दुसरी गाठ चाचपली आणि पुरुषभर लांब शिळा घेतली. तिच्यावर असा सिंह कोरला की बघत राहावं. चार पंजांखाली चार हत्ती. सोंडा वर, डोळे बाहेर. पाचवा शेपटीत.

बस्तीचे पंच आदगोंडा पाटील. गरीब आवाजाचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी पीठावरचा एकेक हत्ती बोटानं मोजला. मग म्हणाले, "बाबा, आम्ही पाणीसुद्धा गाळून पितो."

"हो," सटवा म्हणाला.

"आणि तू भगवंतांच्या पायाशी पाच हत्ती मारलेस."

"चार. पाचवा अजून जिवंत आहे."

आदगोंडा रागावले नाहीत. त्यांनी त्याला ताक दिलं आणि समजावलं, "इथं सिंह म्हणजे नुसती खूण. मूर्ती सगळ्या सारख्याच दिसतात, तेव्हा खालचं चिन्ह बघून ओळखायचं. बैल असला तर आदिनाथ, सिंह असला तर महावीर. वीतभर पुरे. गप बसलेला. कुणाला इजा करायची नाही."

"असं होय," सटवा म्हणाला. "हे आधी सांगायचं." तिसरी गाठ.

चौथं काम नदीकाठच्या नरसिंहाचं. हिरण्यकश्यपूला फाडणारा नरसिंह पाहिजे होता. पुजारी नारंभट पंचक्रोशीत कडक म्हणून प्रसिद्ध. सटवाचं काम झाल्यावर ते पडदा सारून आत गेले आणि उभेच राहिले. आत एक दगडी गृहस्थ डोळे मिटून शांत बसले होते. शेजारी हिरण्यकश्यपू, तोही मांडी घालून, सुखात. आणि खालच्या पीठावर वीतभर सिंह, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"राक्षस जिवंत कसा?" नारंभटांनी विचारलं.

"इजा करायची नाही," सटवा म्हणाला.

"आणि सिंह कुठाय?"

"आहे की खाली. ओळखण्यापुरता."

नारंभटांनी कपाळाला हात लावला. मग तिथंच बसून त्याला अख्खी कथा सांगितली. "राक्षसानं वर मागून घेतला होता. माणसाकडून मरण नको, जनावराकडून नको. घरात नको, बाहेर नको. दिवसा नको, रात्री नको. म्हणून देव कसा आला? अर्धा माणूस, अर्धा सिंह. कधी? तिन्हीसांजेला. कुठं? उंबरठ्यावर. आणि आला तो खांब फोडून, गर्जना करत. हा खरा सिंह. कळलं?"

"कळलं," सटवा म्हणाला. "हे आधी सांगायचं." चौथी गाठ त्यानं दोनदा मारली, कारण हा धडा मोठा होता.

आता कामं संपली होती. चार सिंह आणि चार तक्रारी. सिंहस्थाला दहा-बारा दिवस. लखमाजीनं मुकादमाकडं निरोप धाडायची तयारी केली. सटवा खाणीत जाऊन बसला. त्याला रडायला येत होतं, आणि आपलं कुठं चुकलं ते कळत नव्हतं. प्रत्येकानं सांगितलेलं त्यानं केलं होतं.

हौसा आली. तिनं चारही कामं पहिल्यापासून सांगायला लावली. सटवानं एकेक गाठ दाखवत सांगितली. हौसा ऐकता ऐकता उठून उभी राहिली.

"सिंह चुकलेच नाहीत," ती म्हणाली. "गावं चुकलीत. बैलगाडी जुंप."

मग आठ दिवस गाडी फिरली. वेशीपाशी बसलेला गरीब, पाठमोकळा सिंह डोंगरावर गेला आणि देवीकडं तोंड करून बसला. रावबा गुरव म्हणाला, "असाच पाहिजे होता." पाच हत्तींची शिळा इनामदारांच्या वेशीत बसली. इनामदारांनी मिशीवर हात फिरवला. वीतभर सिंहाचं पीठ बस्तीत गेलं. आदगोंडांनी पुन्हा ताक दिलं. आणि डोंगरावरचा उगारल्या पंजांचा सिंह नारंभटांकडं आला. तो मागच्या पायांवर उभाच होता. सटवानं कमरेखालचा भाग तासून माणसाचा केला. राक्षस तयारच होता, त्याला नुसता आडवा केला. नारंभट म्हणाले, "वा. डोळ्यांत तेज आहे."

चारी ठिकाणी कुणी नावं ठेवली नाहीत. लखमाजीला बोलायला जागा उरली नाही. तोही मनातून खूश झाला, मुलगी घरातल्या घरात राहणार होती. नारंभटांनी पंचांग उघडलं. "शेवटचा मुहूर्त. परवा दुपारी बारा वाजता. तिसऱ्या प्रहरी गुरू सिंहेत जातो. पुढं तेरा महिने काही नाही. तेव्हा उशीर चालायचा नाही."

मांडव पडला. मुहूर्तमेढ रोवली. इनामदार, आदगोंडा, रावबा, सगळ्यांना बोलावणं गेलं. लग्नाच्या दिवशी पहाटे लखमाजी सटवाच्या खोपटात आला.

"सटवा, चार गावची माणसं यायचीत. माझी अब्रू तुझ्या हातात. मान खाली घालून, लाजत लाजत येऊ नको. सिंहासारखा ये."

"कुठल्या?" सटवानं विचारलं.

पण लखमाजीला भट्टीवरचा भात बघायचा होता. तो निघून गेला होता.

सटवानं अंघोळ केली, मुंडावळ्या बांधल्या, आणि उपरणं पुढ्यात घेऊन बसला. पहिली गाठ सोडली. मान खाली, पाय दुमडलेले. नको, मान खाली नको म्हणून सासऱ्यानं बजावलंय. दुसरी सोडली. पाच हत्ती. गावात एकही नव्हता. तिसरी सोडली. एका जागी गप बसायचं. पण बसलं तर यायचं कसं? राहिली चौथी. अर्धा माणूस, अर्धा जनावर. हे तर लखमाजी त्याला रोजच म्हणायचा. सगळं जुळत होतं. भटजींनीसुद्धा सांगितलं होतं, हा खरा सिंह.

सटवानं घण घेतला आणि खाणीत जाऊन सूर्य खाली यायची वाट बघत बसला.

इकडं बारा वाजले. नवरा नाही. एक वाजला. माणसं विहिरीत डोकावून आली. रावबानं देवीला कौल लावला, कौल मिळेना. इनामदारांना भूक लागली होती, म्हणून ते पराक्रमाच्या गोष्टी सांगू लागले. आदगोंडा पाटलांना सूर्यास्ताच्या आत जेवायचं असतं, ते दर घटकेला आभाळाकडं बघत होते. हौसा पाटावर बसून होती. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही, मुंडावळ्याही सोडल्या नाहीत. तिसऱ्या प्रहरी नारंभटांनी पंचांग मिटलं. "गेला गुरू सिंहेत," ते म्हणाले. लखमाजी भिंतीला टेकून खाली बसला.

आणि तिन्हीसांजेला, दिवस नाही आणि रात्र नाही अशा वेळी, घराच्या मागल्या दारानं कुणीतरी आत आलं. माजघर ओलांडून पुढच्या उंबरठ्यावर उभं राहिलं. एक पाय आत, एक पाय बाहेर. मुंडावळ्या कानामागं, हातात घण. त्यानं सिंह कधी ऐकला नव्हता, तेव्हा रेडा ओरडतो तसं ओरडून त्यानं समोरची मुहूर्तमेढ एका घावात फोडली.

मांडव खाली आला. इनामदारांवर, रावबावर, आदगोंडांवर, भाताच्या हंड्यांवर, आणि नारंभटांच्या पंचांगावर.

बराच वेळ कापडाखालून नुसती माणसं सरपटत होती. पहिला लखमाजी निघाला. त्यानं डोक्यावरचा भात झटकला. मग विचारलं, "कुठं होतास दिवसभर?"

"खाणीत," सटवा म्हणाला. "दिवसा यायचं नव्हतं ना. भटजींना विचारा."

नारंभट कापडाखालून कण्हले. कथा त्यांनीच सांगितली होती, आणि फार चांगली सांगितली होती.

"तेरा महिने," लखमाजी म्हणाला. "तेरा महिने आता लग्न नाही. मुकादमाला निरोप—"

"मुकादमाला काही कळवायचं नाही," हौसा म्हणाली. ती अजून पाटावरच होती, डोक्यावर मांडवाची एक झालर. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी थांबते. गाढव आहे, पण माझं आहे."

ती उठली, उंबरठ्यापाशी आली, आणि सटवाच्या हातातला घण काढून घेतला.

"नीट ऐक," ती म्हणाली. "गाठ मारायची तर मार. तेरा महिन्यांनी, भर दुपारी, सगळ्यांच्या आधी, रिकाम्या हातानं, पुढच्या दारानं यायचं. देवीचा सिंह नको, वेशीचा नको, बस्तीचा नको, खांबातला नको. सिंह मुळीच नको. माणसासारखा ये."

"असं होय," सटवा म्हणाला. "हे आधी सांगायचं." त्यानं उपरण्याला पाचवी गाठ मारली, ओढून घट्ट केली, आणि पडलेल्या मांडवाखालून बाहेर येणाऱ्या एकेकाकडं नीट निरखून बघितलं. गुरवाकडं, इनामदारांकडं, पाटलांकडं, भटजींकडं, आणि मग सासऱ्याकडं.

मग त्यानं हौसाला हळूच विचारलं, "कुठल्या?"