दिवाणजींचं उपरणं आणि महाराजांचा टब

चांदवळच्या महाराजांचा संगमरवरी टब ऐन वेळेला तुंबला! दुसऱ्याच दिवशी व्याही यायचे होते, आणि महाराजांनी पत्रात टबाचं वर्णन चार पानं भरून कळवलेलं!

मागच्या खेपेला कुणीतरी बांबू खुपसून खालची नळी फोडली होती. म्हणून महाराजांनी फर्मान काढलं, "तुंबलेल्या भोकात काठी नको, तार नको, बोट नको, औषध नको! आणि दिवस मावळायच्या आत टब वाहता झाला नाही, तर शिदू नळवाल्याने बायकापोरांसह संस्थान सोडायचं!"

बिचारा शिदू! दांड्याला उलटी रबरी वाटी बसवलेलं आपलं हत्यार तो सकाळपासून भोकावर दणादण आपटत होता. पाणी ढिम्म हलेना. शेवटी दिवाण त्र्यंबकरावांनी टब उपसायला लावला, म्हणे भोक नीट दिसेल! आता वाटी नुसतीच फुसफुसायला लागली.

बापाची भाकरी घेऊन आलेली शिदूची लेक ठकू उंबऱ्यातून हे बघत होती. तिची नजर टबावरून हलली नाही. वाटी दाबली, की टबाच्या काठाखालच्या, जादा पाणी जायच्या भोकातून फुस्सकन हवा येत होती!

"आबा, थांबा," ती पुढे झाली. "आधी टबात चार घागरी पाणी ओता."

दिवाणजी खो खो हसले. "तुंबलेल्यात आणखी पाणी? डोकं ठिकाणावर आहे का गं?"

"वाटीखालची हवा नुसती दबून बसती, दिवाणजी. पाणी दबत न्हाई, धक्का पुढं ढकलतं!"

पाणी ओतलं. ठकूने वाटी तिरकी करून बुडवली, आतली हवा बुडबुडत बाहेर गेली. मग तिने इकडेतिकडे पाहिलं. "आता एक फडकं पायजे. चांगलं मोठं."

तिची नजर आपल्या जरीच्या उपरण्यावर थांबलेली पाहून दिवाणजी गरजले, "खबरदार!"

"द्या हो, त्र्यंबकराव!" दारातून आवाज आला. महाराज स्वतः येऊन उभे होते.

ठकूने उपरणं भिजवलं आणि काठाखालच्या भोकात गच्च कोंबलं. "आबा, आपटू नका. हळू दाबा, आणि वर वढताना जोर लावा!"

दाब, ओढ! दाब, ओढ! आठव्या ओढीला टबाने ढेकर दिली, केसांचा आणि साबणाचा गोळा वर आला, आणि पाणी गरगरत खाली पळालं. शिदूला रडूच फुटलं.

महाराजांच्या भुवया मात्र चढल्या. "थांब! आम्ही भोकात काही घालायचं नाही म्हटलं होतं. मग ते उपरणं?"

ठकू पदराला हात पुसत म्हणाली, "सरकार, मनाई तुंबलेल्या भोकाला व्हती. हे तर वाहतं व्हतं, आन् खाली दोन्ही भोकांची नळी एकच, त्योच तर घोळ! आबांचा सगळा जोर तिथनं पळत व्हता. चालती वाट बंद केली, तवा कुठं बंद वाट चालती झाली!"

महाराज इतके हसले, की टबाच्या काठावरच बसले. ठकूला चांदीचे तोडे मिळाले, शिदू राजवाड्यातल्या साऱ्या नळांचा मुख्य झाला.

"आणि त्र्यंबकराव," महाराज डोळे पुसत म्हणाले, "ते उपरणं तेवढं तुम्हीच ओढून काढा. जोर लावा हं!"