मागच्या सालची चिमाई

“कुणी विश्वासच ठेवत नाही माझ्यावर! सासू जिवंत आहे म्हणून घसा फोडून सांगतेय, तर जो तो म्हणतो, पुरावा आण!”

साळूने राजवाड्याच्या कोठारासमोर रिकामं सूप आपटलं.

साळू राजा चंडसेनाच्या मुदपाकखान्यात मसाला वाटायची. पगार म्हणजे महिन्याचे जोंधळे. पण घरी पोचेपर्यंत निम्मे! आधी कापायची राजपट्टी. मग कोठारात उंदीर खातात म्हणून उंदीरघट. त्यावर मापाड्याचा पसा. खाणार उंदीर, भरणार साळू! सूट एकच होती. घरात म्हातारं माणूस पोसणाऱ्याला राजपट्टी माफ, कापलेले जोंधळे साल संपल्यावर परत. साळूचा नवरा वारलेला, घरात ती आणि तिची सासू चिमाई. दोघींचं पोट त्या जोंधळ्यांवर.

म्हणून साळूने आज सासूलाच हाताला धरून अंताजी दिवाणजींपुढे उभं केलं होतं.

“ही बघा माझी सासू. द्या सूट!”

दिवाणजींनी म्हातारीला खालून वर न्याहाळलं. “ही आज जिवंत आहे. सूट मागच्या सालची आहे. मागच्या साली ही जिवंत होती कशावरून?”

“अहो, मागच्या साली मेली असती तर आज आली कुठून?”

“ते मला विचारू नकोस. ज्या सालची सूट, त्या सालचा पुरावा. तसा नियमच आहे!”

चिमाईला राहवेना. तिने पुढे होऊन दिवाणजींच्या दंडाला असा चिमटा काढला, की पगडी कानावर आली!

“मेलेलं माणूस असा चिमटा काढतं होय रे?”

“आई गं! हा चिमटा चालू सालचा!” दिवाणजी दंड चोळत म्हणाले. “मागच्या सालचा असेल तर दाखव!”

साळू पळत घरी गेली आणि लोणच्याची बरणी घेऊन आली.

“मागच्या वैशाखात ह्याच सासूबाईंनी आपल्या हाताने घातलंय. चाखा!”

दिवाणजींनी एक फोड चाखली. दुसरीही चाखली. “झकास मुरलंय! म्हणजे मागच्या साली लोणचं होतं, हे सिद्ध झालं. सासूचं काय?” असं म्हणून त्यांनी तिसऱ्या फोडीला हात घातला.

साळूने बरणी हिसकावली आणि तडक दरबार गाठला.

राजा चंडसेन मोठा हट्टी. सगळं ऐकून घेतलं आणि वर म्हणतो कसा, “नियम म्हणजे नियम! उद्या पुरावा आण. साक्षीदार नकोत, माणसाची जीभ फिरते. कागद नको, कागद कुणीही लिहितो. आणि चालू सालचं काही दाखवायचं नाही. पुरावा आणलास तर सूट. नाही आणलास तर खोटी सूट मागितली म्हणून तुझी चाकरी गेली!”

दरबारी खो खो हसले. त्यांना काय जातंय हसायला!

वाटेत चिमाई म्हणाली, “सूनबाई, सोड हा नाद. मागच्या साली मेले होते म्हणून सांग आणि चाकरी वाचव.”

“असं कसं सांगू? सालभर रोज भांडलात माझ्याशी! मी काय भुताशी भांडत होते?”

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. सगळे मुजऱ्याला वाकले. साळू मात्र ताठ उभी, शेजारी चिमाई!

“ए बाई, मुजरा कर!” भालदार ओरडला.

“करते की. पण हे कोण, ते आधी कळू दे.”

“डोळे फुटले का तुझे? हे महाराज!”

“आज आहेत, ते दिसतंय मला. पण हा पुराव्याचा नियम निघाला मागच्या साली. तेव्हा महाराज होते का?”

राजाने सिंहासनाच्या हातावर मूठ आपटली. “होतो का म्हणजे? तो नियम मीच काढला!”

“पुरावा?”

सेनापती पुढे आला. “मी साक्ष देतो. महाराज होते!”

“माणसाची जीभ फिरते.”

दिवाणजींनी शिक्क्याचा हुकूम फडकावला. “हा बघ महाराजांचा शिक्का!”

“कागद कुणीही लिहितो.”

राजा ताडकन उठला. “अगं, मी हा इथे जिताजागता उभा आहे!”

“ते झालं चालू सालचं, महाराज.”

“चिमटा काढून बघू का?” चिमाई सरसावली. राजा चटकन खाली बसला!

साळू म्हणाली, “महाराज, मागच्या साली तुम्ही नव्हता, तर हा नियम काढला कुणी? कुणीच नाही! मग त्यापायी जेवढ्यांची सूट बुडाली, त्यांचे जोंधळे परत करा. आणि तुम्ही होता म्हणाल, तर तुमच्याहून दुप्पट वयाची माझी सासूही होती. माझी सूट द्या. दोन्हींतलं काय ते बोला!”

राजाच्या मिशा थरथरल्या आणि तो असा हसत सुटला, की मुकुट मांडीवर आला!

“दोन्ही दिलं, बाई, दोन्ही दिलं! तुझी सूट तुला आणि सगळ्यांचे जोंधळे सगळ्यांना! उंदीरघट आजपासून बंद, उंदीर पोसायची हौस असेल तर दिवाणजींनी पोसावेत! कोठाराच्या किल्ल्या आता तुझ्या कमरेला. चिमाईला जरीकाठी लुगडं द्या. आणि दिवाणजी, हिच्या जोंधळ्यांचं पहिलं पोतं तुम्ही डोक्यावर घेऊन घरपोच करायचं! गावभर दवंडी पिटा, नियम चुकला होता म्हणावं!”

दिवाणजींनी पगडी सावरली. “महाराज, दवंडीत चूक कुणाची म्हणून सांगायचं? मी तर नुसता हुकमाचा ताबेदार. मापाड्याचं नाव घालू का?”

“मापाड्याचं कशाला?” साळू कडाडली. “मागच्या साली जो नक्की होता म्हणतोय, त्याचं घाला!”

राजा पोट धरून हसला. “म्हणजे त्या साली मी होतो, हे तरी एकदाचं सिद्ध होईल! वाजव रे ढोल आणि पुकार, चूक करणारा राजा चंडसेन!”