पुढच्या चाकाची घरघर

"मग मी जाऊ की नको, आक्का?"

विश्वंभरबुवांनी हे सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. चंद्राक्का पिकअपच्या पुढच्या चाकाशी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"जॅक लाव," त्या म्हणाल्या.

सोनवडीच्या लोकांनी नवा मठ बांधला होता आणि आज संध्याकाळी पाच वाजता विश्वंभरबुवांना त्याच्या गादीवर बसवायचं ठरलं होतं. सगळं जमून आलं होतं. ज्यांच्या पायाशी बारा वर्षं काढली, त्या चंद्राक्कांनी 'जा' म्हणायचं तेवढं राहिलं होतं. त्यांच्या तोंडून तो शब्द आल्याशिवाय बुवा गादीवर बसणार नव्हते, आणि तो शब्द काही केल्या येत नव्हता.

सोनवडीकर मोटार पाठवणार होते. बुवांनी ती नाकारली. मठाच्या जुन्यापुराण्या पिकअपमधून आपण उतरलो की लोक आपला साधेपणा बघून गहिवरतील, असा त्यांचा हिशेब होता. बुवा साधेपणाचाही थाट करायला चुकत नसत.

आणि नेमकं कालपासून त्या पिकअपचं डावं चाक घरघरायला लागलं.

चाक निघालं. ब्रेक बाजूला झाला. चाकाच्या मधला हब हातात आला. आक्कांचे यजमान हमरस्त्यावर गॅरेज चालवायचे. ते गेल्यावर आक्का मठात आल्या, त्या हत्यारांची पेटी घेऊनच. त्यांनी हबमधली जुनी बेरिंग काढून बुवांच्या तळहातावर ठेवली.

"फिरव."

बुवांनी फिरवली. बोटांना खरखर लागली.

"काय कळलं?"

उत्तरं देण्यात बुवांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. त्यांनी डोळे मिटले. "सगळा भार मधल्या आधारावर असतो, आक्का. तो आधार झिजला, की जीव..."

"बेरिंग गेलीया," आक्का म्हणाल्या. "नवी दे."

बुवा नवी बेरिंग हबमध्ये बसवायला लागले. आक्कांनी त्यांचा हात धरला आणि हबच्या आतली पोलादी कडी दाखवली. बेरिंग जिच्यात फिरते, ती कडी.

"ही पण काढायची."

"ही तर चांगली दिसतेय."

"जुन्या कडीत नवी बेरिंग घातलीस, तर आठ दिवसांत तीबी जुनी हुईल."

बुवांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणजे जुनं सगळं इथंच टाकून मी सोनवडीला जावं, असंच ना?" मग लगेच तो उजेड मावळला. "की... मीच जुना आहे, म्हणून नव्या मठात जाऊ नये?"

आक्कांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं.

"हातोडा दे."

बुवा पार गोंधळले. हे शिकवणं चाललंय की नुसती दुरुस्ती, हेच त्यांना उमगेना. विचारायची सोय नव्हती. विचारलं की काहीतरी हत्यार मागितलं जायचं.

नवी कडी बसली. मग ग्रीस.

"तळहातावर घे. बेरिंग त्यात दाबत ऱ्हा, पलीकडून ग्रीस भायेर येईस्तवर."

बुवांनी आपल्या अंगावरच्या कोऱ्या उपरण्याकडे पाहिलं. "चमचा नाही का?"

आक्कांनी ग्रीसचा डबा पुढे सरकवला. बुवांनी मुकाट्यानं हात पुढे केला.

हब चढला, चाक चढलं. मधला नट राहिला.

"चाक फिरवत आवळ."

बुवांनी आवळला.

"अजून... आता सोड."

"इतका आवळून?"

"सोड."

"किती?"

"चाक मोकळं फिरंल, पण हलणार न्हाई, इतका."

"म्हणजे नेमका किती, आक्का?"

आक्का उठल्या आणि हात धुवायला विहिरीकडे गेल्या.

बुवांना राहवेना. गादीवर बसायचा दिवस, आणि नट सैल! सोनवडीच्या उतारावर, फुलं घेऊन उभ्या राहिलेल्या लोकांच्या देखत चाक निखळलं तर? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. पाना लावून नट चांगला अर्धा फेरा आवळला, त्यात पिन घातली, वर टोपी ठोकली.

"तिठ्यापर्यंत जाऊन ये," आक्का परत येऊन म्हणाल्या.

बुवा गेले आणि आले. उतरले ते हसतच. "आवाज गेला, आक्का! अगदी गप्प झालं चाक."

आक्का वाकल्या. त्यांनी हबवर तळहात टेकवला आणि तापल्या तव्याला लागावा तसा झटकन काढून घेतला.

"कुणी आवळला?"

"मी," बुवा म्हणाले. "सैल वाटला."

"सैल वाटला?"

बुवांनी तोंड उघडलं. आधार, भार, कडी, सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. पण आक्का हातावर फुंकर घालत होत्या. बुवांना फार लाज वाटली.

"भीती वाटली," ते म्हणाले.

बारा वर्षांत त्यांनी दिलेलं हे सगळ्यांत छोटं उत्तर होतं. आक्कांनी मान हलवली.

हब निवेपर्यंत दोघं चिंचेखाली बसून राहिली. मग आक्कांनी जॅककडे बोट केलं आणि पाना बुवांपुढे धरला.

बुवांनी चाक उचललं. टोपी आणि पिन काढली. नट सैल सोडला. किती, ते विचारलं नाही. चाक फिरवून पाहिलं, वरून-खालून धरून हलवून पाहिलं, पुन्हा थोडं इकडे, थोडं तिकडे केलं. मग थांबले. बरोबर झालं की नाही, हे त्यांना खात्रीनं सांगता आलं नसतं.

आक्कांनी पाहिलंसुद्धा नाही. "पिन घाल," म्हणाल्या.

साडेतीन वाजले होते. बुवांनी पिन घातली, टोपी ठोकली, जॅक काढला, ग्रीसचे हात तसेच जोडले आणि आक्कांच्या पायाशी वाकले.

आक्कांनी त्यांच्या डोक्यावर तळहात ठेवला. आशीर्वाद म्हणून बुवांनी डोळे मिटले. पण हात लवकर निघेना. मघाशी हबवर टेकवला होता, अगदी तसाच तो टेकला होता, अंदाज घेत... बुवांना काहीच कळेना.

"जा," आक्का म्हणाल्या.

बुवांचे डोळे भरून आले.

"अन् पाच मैलांवर थांब. हात लावून बघ."

"हात?" बुवांनी गोंधळून वर पाहिलं. "कशाला लावून बघू, आक्का? चाकाला?"

आक्कांनी पाने गोळा केले. एकेक पुसून पेटीत ठेवला. झाकण लावलं.

"आधी चाकाला."