सूर्यमुखी होन आणि तांब्याचे पाय

एका राज्यात पोपटांना वाणी होती आणि लोकांना जुन्या नाण्यांचं वेड होतं. दर बाजाराच्या दिवशी कपिलाक्ष नावाचा मायावी तिथे नाण्यांचा लिलाव मांडी. रीत अशी, की डंक्याचे तीन ठोके पडेपर्यंत नाणं लांबूनच पाहायचं. हात लावायचा नाही, तोलायचं नाही, वाजवायचं नाही. वांगी घेताना दहा वेळा दाबून पाहणारी ही माणसं, नाणं मात्र न शिवता घेत आणि घरी जाऊन पेढे वाटत! नाणं खोटं निघालं, की घेणारा पायापासून तांब्याचा होऊ लागे; पदरचं जितकं त्यात गेलं असेल, तितकं तांबं वर चढे.

भानजी रंगाऱ्याने तिथेच सोन्याचा सूर्यमुखी होन घेतला. पडद्याआडून कोणी बडा सावकार बोली चढवत होता. भानजी हट्टाला पेटला. रंग उकळायच्या सातही कढया त्याने त्या होनापायी विकल्या. आठवडाभरात तो कमरेपर्यंत तांब्याचा झाला. लोक म्हणाले, "कोणी सांगितलं होतं घ्यायला?" चोराला सोडून ज्याचं चोरलं त्यालाच दटावणारे हे लोक! सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

भानजीची बायको गिरजा कपिलाक्षाकडे गेली.

"नाणं परत घ्या. माझा नवरा मला धड करून द्या."

"डंका वाजला, सौदा झाला," कपिलाक्ष म्हणाला आणि आत निघून गेला.

तेवढ्यात पडद्यामागून एक पोपट उडत आला.

"बाई, तो बडा सावकार मीच. आम्ही बारा पोपट डाळिंबाच्या दाण्यांवर इथे बोली चढवतो. आता माझीच मला लाज वाटते. तू तीन कामं कर. तळ्यातल्या यक्षिणीच्या तराजूत होन तोल. डोंगरावरच्या राक्षसाच्या काळ्या शिळेवर तो वाजव. मग जे कळेल ते भर लिलावात नवऱ्याच्या तोंडून वदव. तांबं गळ्याशी पोचलं, तर उपाय नाही."

गिरजा तळ्यावर गेली. यक्षिणीने तराजूचं मोल म्हणून तिच्या केसांचा काळा रंग मागितला. गिरजाने दिला. होन निम्म्या वजनाचा निघाला. राक्षसाने शिळेचं मोल म्हणून तिचं हसू मागितलं. "घेऊन टाक, सध्या मला त्याचा उपयोग नाही," गिरजा म्हणाली. होन शिळेवर फुटक्या मडक्यासारखा वाजला.

बाजाराच्या दिवशी तिने भानजीला बैलगाडीत उभं करून लिलावात आणलं. तांबं त्याच्या छातीवर चढलं होतं. राजा सिंहकेतू समोर आसनावर बसला होता.

"बोला, धनी," गिरजा म्हणाली.

"लोक हसतील, गिरजे. होन चांगलाच आहे. चमकतो बघ कसा!"

"हसू देत! फसवणारा उजळ माथ्याने डंका वाजवतोय, आणि मान खाली तुम्ही घालायची? केस दिले, हसू दिलं. आता तुम्हालाही देऊन टाकू का?"

तांबं खांद्यावर आलं.

"होन खोटा आहे," भानजी ओरडला. "मला फसवलं!"

खणखण करत तांबं गळून पडलं. मग मागून एक म्हातारा धोतर वर करून म्हणाला, "मलाही." त्याच्या शेजारचा म्हणाला, "मलाही." कोण किती वर्षं तांब्याचे पाय झाकून फिरत होतं, देव जाणे.

कपिलाक्ष राजाकडे वळला. "महाराज, ही रीत आपल्या पणजोबांची. न्याय करा."

राजाने वाकून उजव्या पायातली मोजडी काढली. पाऊल तांब्याचं होतं.

"सात वर्षं झाली," राजा म्हणाला. "गादीवरचा माणूस फसला, हे सांगायची लाज वाटली."

गिरजा पुढे झाली. "महाराज, तुम्ही सात वर्षांपूर्वी बोलला असता, तर आज इतकी माणसं तांब्याची झाली नसती."

राजाने तिच्यापुढे मान झुकवली, मग उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मलाही फसवलं."

त्या क्षणी राज्यभरातलं तांबं गळालं आणि कपिलाक्षाच्या अंगावर चढलं. तो तिथेच पुतळा होऊन राहिला. पोपट रानात गेले. राजाने जुनी रीत मोडली. तेव्हापासून त्या राज्यात नाणं आधी हातात येतं, तराजूत बसतं, दगडावर वाजतं, मग बोली लागते. एवढं करूनही कोणी फसलाच, तर त्याच दिवशी चौकात उभा राहून तो मोठ्याने सांगतो. कोणी हसत नाही.